लाभ, दोन, तीन

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

सापडला!

अकरा फाइली तपासायला आल्या होत्या. आमच्याकडे उमेदवारांची नावं काढून फक्त क्रमांक ठेवतात, म्हणजे तपासणारा कुणाला झुकतं माप देणार नाही. कसोटी नेहमीचीच — कमांड लाइनवर चालणारं छोटंसं साधन. आकडा टाइप करायचा, तेवढ्या पहिल्या मूळ संख्यांचा गुणाकाराचा तक्ता छापून आला पाहिजे. दहा टाकला की आडव्या २ ते २९, उभ्या २ ते २९, शेवटच्या चौकटीत ८४१. साठ-सत्तर ओळींचं काम. पण तेवढ्यात माणूस कळतो.

सहा नंबरची फाइल. तेराव्या ओळीवर हात थांबला.

एक या आकड्याला नाव दिलंय. इंग्रजी अक्षरांत — लाभ. तक्त्याची सगळ्यात वरची ओळ म्हणजे एकचा पाढा, म्हणून ती लाभपासून सुरू होते.

असं नाव कोण देईल? आई मासळी मोजताना 'एक' म्हणत नाही. लाभ, दोन, तीन, चार… पहिलं पापलेट लाभाचं. ती मोजणी ऐकत मी वाढले.

पुढच्या ओळी न बघता सांगू शकले असते. सांगून बघितल्याही — कागदावर उतरवल्या, मग पडद्याशी ताडल्या. एक स्वल्पविरामसुद्धा बदललेला नाही.

हा माझा प्रोग्राम आहे. जून २०२२. आणि तो माझ्याखेरीज एकाच माणसाकडे आहे.

४ नोव्हेंबर

नीट लिहून ठेवते. रागाने लिहिलेल्या गोष्टी नंतर उपयोगाला येत नाहीत.

जून २०२२. शेवटची परीक्षा झालेली. एका कंपनीने हीच कसोटी घरी करायला दिली होती — मला आणि वर्गातल्या कृणालला. त्याच आठवड्यात बाबा आजारी पडले. बोरिवलीला हॉस्पिटल. आधी वॉर्ड, मग आयसीयू. मी बाहेरच्या बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन प्रोग्राम लिहीत होते. पंख्याचा आवाज, फिनेलचा वास, पडद्यावर २ ३ ५ ७ ११. हे सगळं मला आजही दिसतं.

कृणाल घाटकोपरहून रोज यायचा. शेवटच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी मी त्याला प्रोग्राम दाखवला. पायऱ्यांवर. तेव्हाच त्याने घेतला असणार.

१३ जूनला त्याचा कंपनीकडे साडेदहाला पोचला. माझा बारा वाजून पाच मिनिटांनी. १५ तारखेला बाबा गेले.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कंपनीतून फोन. 'तुमचं काम दुसऱ्या उमेदवाराशी तंतोतंत जुळतंय. त्यांचं आधी आलंय. त्यांनी प्रत्येक ओळ समजावून सांगितली.' मी म्हटलं, तो माझा आहे. बाई हसल्या. 'निदान दोन-चार ओळी तरी बदलायच्या हो!'

मी फोन ठेवला. त्या दिवसापासून कृणालचे एक्केचाळीस फोन आले. एकही उचलला नाही. नंतर त्याचा नंबर ब्लॉक करून टाकला.

त्याला ती नोकरी मिळाली. मला पुढे दहा महिने काहीच नाही. आईच्या पाटीशेजारी बसून कोलंबी सोलली. जेटीवरून जाणारा प्रत्येक जण तेच म्हणायचा — 'इंजिनेर झाली ना गो तू?'

६ नोव्हेंबर

एचआरमधल्या रुचिराला विचारलं, सहा नंबर कोण?

'नाव विचारायचं नसतं गं, तूच तर हा नियम करायला लावलास!'

'नाव नको. घाटकोपरचा आहे का, एवढंच सांग.'

तिने भुवया वर केल्या. 'तुला कसं कळलं?'

बस्स.

मार्चपासून त्याला नोकरी नाही, हेही तिच्याच तोंडून कळलं. त्याची अख्खी टीम काढली. आठ महिने. माझे दहा होते. अजून दोन बाकी आहेत.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज गुण दिले. सहा नंबरला दहापैकी नऊ.

शून्य देणं सोपं होतं. मग त्याला दोन ओळींची मेल गेली असती, आणि तो दुसरीकडे तीच फाइल पाठवून मोकळा. मला तो समोर हवा आहे. खुर्चीत. माझ्याच ओळी मला समजावून सांगताना.

सुबोध सरांनी — आमचे प्रमुख — नऊ बघून विचारलं, 'एक कशाचा कापलास?'

'समोर आला की सांगते.'

'डेंजर आहेस हां.'

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी आईबरोबर जेटीवर. एकाच होडीतून तेवीस पापलेटं. आई मोजते तेव्हा तिच्याशी बोलायचं नाही. लाभ, दोन, तीन… तेविसाला थांबली आणि वैतागली. 'मेल्याचे वाटे नाय पडत.'

तेवीस. मूळ संख्या. दोनाचे, तिनाचे, पाचाचे, कसलेच सारखे वाटे नाहीत. बाबा असताना अशा दिवशी एक मासा परत पाण्यात सोडायचे आणि बावीसचे वाटे करायचे. आई चिडायची. आता ती स्वतःच सोडते.

घरी येताना मध्येच म्हणाली, 'तो घाटकोपरचा पोर कय करतो गो आता? डबा आणायचा हॉस्पिटलात.'

'माहीत नाही.'

'तुझ्या बापाला शेवटचा चाय त्यानीच पाजलेला. वॉर्डात. तू गोळ्या आणायला गेलेलीस.'

'आई, त्याचं नाव नको.'

'नाव कुठं घेतला? मना ठाऊक पण नाय नाव.'

प्रश्नांची यादी पूर्ण केली. सात प्रश्न. पहिले सहा सोपे.

११ नोव्हेंबर

उद्या. अकरा वाजता. निळा ड्रेस इस्त्री करून ठेवलाय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

जसं झालं तसं लिहिते.

तो पाच मिनिटं आधी आला. बारीक झालाय. शर्टाची घडी दुकानातली, ताजी. दार उघडून मला बघितलं आणि — हसला! तोंडभरून. 'हेमा! तू इथे?' जणू लग्नात भेटलोय.

सुबोध सरांनी दोघांकडे बघितलं. मी म्हटलं, एका वर्गात होतो.

'मग तू बसावंस की नाही?'

'मला चालेल.'

'मलाही चालेल सर,' तो म्हणाला. 'हिच्याइतकं काटेकोर आमच्या वर्गात कुणीच नव्हतं.'

लोणी. मी यादी उघडली.

पहिले सहा प्रश्न. शून्य टाकला तर काय छापून येईल? हजार टाकले तर रकाने सरळ राहतील का? पहिल्या पाच संख्या हाताने का लिहिल्यास? सगळ्यांची उत्तरं बरोबर. कितवी मूळ संख्या केवढी असेल, याच्या अंदाजाचं सूत्र पाचव्यापर्यंत फसतं, म्हणून हाताने. सर्वांत मोठ्या गुणाकाराचे अंक आधी मोजून मग रकान्याची रुंदी. न अडखळता बोलला. साडेतीन वर्षांत पाठ होणारच.

मग सातवा. 'एकला लाभ असं नाव का?'

तो जरा खुलला. 'आमच्या दादांचं घाटकोपरला धान्याचं दुकान होतं सर. म्हणजे आजोबांचं. माप मोजताना ते एक कधीच म्हणायचे नाहीत. लाभ, बे, त्रण… मी दुकानात बसूनच मोजायला शिकलो. एक ही मूळ संख्या नाही ना, तिला यादीत जागा नाही. पण तक्ता तिच्यापासूनच सुरू होतो. म्हटलं, तिला दादांचं नाव देऊ.'

सुबोध सर खूश. 'अरे, आमच्या गावाला खळ्यावर पण असंच मोजतात!'

ही माझी गोष्ट. आईची मोजणी मीच त्याला सांगितली होती, हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून. याने मासळीच्या जागी धान्य घातलं, आईच्या जागी आजोबा. प्रोग्राम नेला तो नेला, आईची सवयसुद्धा सोडली नाही!

यादीत नसलेला आठवा प्रश्न विचारला. 'हा पूर्ण तू लिहिलेला आहे?'

'हो.' आणि मग, हळू — 'तुला माहितीये.'

'हाच प्रोग्राम याआधी दुसऱ्या कुणी कुठल्या कंपनीला दिला होता का?'

त्याचं हसू गेलं. आधी सुबोध सरांकडे बघितलं. मग माझ्याकडे, बराच वेळ. मग टेबलाकडे.

'आठवत नाही,' म्हणाला.

एवढंच हवं होतं मला. सगळं धडाधड आठवणाऱ्या माणसाला हे आठवत नाही! मी वहीत वेळ टाकली — ११:३८ — आणि वाक्य जसंच्या तसं उतरवलं.

जाताना दाराशी थांबून म्हणाला, 'काकू बऱ्या आहेत ना?'

मी पुढची फाइल उघडली.

१३ नोव्हेंबर

अहवाल दिला. सहा ओळी. 'काम उमेदवाराचं स्वतःचं नाही. याच कामाची मूळ लेखिका मी आहे. थेट प्रश्नावर उमेदवाराने उत्तर टाळलं.'

सुबोध सर दोनदा वाचून म्हणाले, 'उत्तरं तर फर्स्ट क्लास होती यार.'

'पाठ केलेली.'

'आणि दादा, दुकान वगैरे?'

'माझ्या आईचं आहे ते. मासळीचं.'

त्यांनी पेन उघडलं. 'हेमांगी, तू कधी उगाच बोलत नाहीस. तू म्हणतेस म्हणून.' सही केली.

चारला रुचिराने त्याला नकाराची मेल पाठवली. मी तिच्या मागे उभी राहून बघितली.

वाटलं होतं, काहीतरी उतरेल. नाही उतरलं. पुरेसं नाही झालेलं.

१४ नोव्हेंबर

रुचिराला म्हटलं, नुसता नकार नको. ज्या एजन्सीने त्याला पाठवलं, तिच्या नोंदीत शेरा गेला पाहिजे — नक्कल. तो शेरा मग तिच्या प्रत्येक कंपनीला दिसतो.

ती म्हणाली, 'अगं, त्याने त्याची पार वाट लागेल. अंधेरी ते ठाणे सगळे त्यांच्याकडूनच माणसं घेतात.'

'माहितीये.'

'मग पुरावा लागेल. तुझ्या शब्दावर नाही होत ते.'

पुरावा आहे. बाबांच्या वेळचा माझा लॅपटॉप आईच्या कपाटात, साड्यांखाली. कॉलेजचा मेल केव्हाच बंद झाला, पण त्या लॅपटॉपवर सगळे मेल उतरून राहायचे. आणि मूळ फाइल, तारखेसकट.

१५ नोव्हेंबर, शनिवार

लॅपटॉप चालूच होत नाही. मालाडला दुरुस्तीच्या दुकानात नेला. त्याने मागचं झाकण उघडून वास घेतला. 'मनोरी की गोराई?'

'मनोरी.'

'मीठ धरलंय आतून. खाडीपलीकडच्यांचं सगळ्यांचं असंच. आठ-नऊ दिवस द्या. डिस्क वाचली तर सगळं मिळेल.'

आठ-नऊ दिवस. साडेतीन वर्षं थांबलेय.

आईने विचारलं, जुनं मशीन कशाला काढलंस? म्हटलं, एक हिशोब चुकता करायचाय. ती मान हलवत म्हणाली, 'तुझा बाप असा नव्हता हां.' तो नव्हता. तो मासे परत पाण्यात सोडायचा.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काय हा योग!

अनोळखी नंबरवरून मेसेज. कृणाल. तसाच उतरवते —

'हेमा, तुला तिथे बघून बरं वाटलं. त्या दिवशी अडचणीत आणायचं नव्हतं. तो प्रोग्राम आता परत कुठे पाठवणार नाही, काळजी करू नकोस. काकूंना नमस्कार.'

तीनदा वाचला. परत कुठे पाठवणार नाही! चोर स्वतःच्या हाताने लिहून देतोय. आणि वर काकूंना नमस्कार.

रुचिराला दाखवला. तिने मान डोलावली. 'हे म्हणजे कबुलीच झाली. लॅपटॉपची गरजच नाही मग.'

'नाही.'

'नक्की ना गं? हे एकदा गेलं की गेलं.'

'नक्की.'

१९ नोव्हेंबर

शेरा गेला. दुपारी २:१७. खाली माझी सही.

नक्कल. एकच शब्द. मला तेव्हा फोनवर निदान तीन वाक्यं मिळाली होती.

२० नोव्हेंबर

काही झालं नाही. छान झोप लागली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज गंमत म्हणून तोच प्रोग्राम नव्याने लिहायला बसले. आठवणीतून नाही, पहिल्यापासून, मला सुचेल तसा.

वेगळाच आला. रकान्यांची रुंदी मी शेवटी मोजली, आधी नाही. पहिल्या पाच संख्या हाताने लिहायच्या ऐवजी सूत्राच्या उत्तरातच थोडी भर घातली. एकला नाव दिलंच नाही.

साडेतीन वर्षांत माणसाचा हात बदलतो. अनुभव म्हणतात तो हाच.

मेसेजला उत्तर द्यावं का, असं क्षणभर वाटलं. एका शब्दाचं. नाही दिलं. त्याला आतापर्यंत कळलं असेल.

२३ नोव्हेंबर, रविवार

आई आज पाटीवर बसल्या बसल्या बोलत होती. हॉस्पिटलातले दिवस तिला घटकेघटकेने आठवतात. कुठल्या नर्सने काय सांगितलं, डब्यात कुठली भाजी होती. 'दुधी. तेलात नुसता दुधी. गोडा. तुझ्या बापानी तरी खाल्ला.'

मला तो डबा आठवत नाही. बाक आठवतो, पंखा आठवतो. १३ तारखेला सकाळी बाबांना आत नेलं, त्यानंतरचं दुपारपर्यंतचं काही आठवत नाही.

'तू कुठं व्हतीस शुद्धीवर?' आई म्हणाली. 'तुना कागद दाखवायचे नि तू सही करायचीस. वाचायचीस पण नाय.'

मी? न वाचता?

दुकानातून फोन आला. डिस्क वाचली. उद्या न्या.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मार्वेच्या धक्क्यावर बसून उघडला. दोन फाइली आहेत.

पहिली माझी. ११ जून. सव्वीस ओळी, अर्धवट. एकला नाव नाही.

दुसरी मेलमधून उतरवलेली. १३ जून, सकाळी ११:०७. पाठवणारा कृणाल.

'हेमा, तू बाबांजवळच थांब. आज शेवटची तारीख आहे, हा माझा पाठवून दे. थोडा बदलून घे मात्र, नाहीतर पकडतील. लाभ तर नक्की काढ, ती आमच्या दादांची सवय आहे, कुणीही ओळखेल.'

खाली माझं उत्तर. ११:०९. 'ओके.'

मनोरीला जाणाऱ्या दोन होड्या सोडल्या. मग रुचिराला फोन केला. म्हटलं, सहा नंबरवरचा शेरा मागे घ्यायचाय, तो चुकीच्या नावावर गेलाय.

ती म्हणाली, 'आता? मग पुरावा लागेल गं.'

म्हटलं, आहे.